तुमचंच इंजिन

वाघबीळच्या पुढच्या चढावर मॉरिस तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा शीतल मगदूम खाली उतरले. त्यांच्या मागोमाग त्यांचे मेहुणे उतरले. मी धावत जाऊन मागच्या चाकाला दगड लावला. शमूमामा मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते.

"गरम झालंय," ते म्हणाले. "पाच मिनिटं थांबू."

"गरम झालं म्हणून नाही, मामा," मी खिडकीशी वाकून म्हणालो. "ओढतच नाही. आठशे सी.सी.चं इंजिन. चार माणसं घेऊन हा चढ त्याच्यानं होणार नाही."

"त्रेपन्न सालापास्नं सायबांचे आजोबा ह्याच इंजिनावर पन्हाळ्याला जात हुते. तवा चढत हुतं, आता बी चढंल. परत एकदा हेड उघडून बघतो."

"आजोबा एकटे जात होते," मगदूम रस्त्याच्या कडेवरून म्हणाले.

ही सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. मगदूम हुपरीचे, चांदीच्या दागिन्यांचा घरचा धंदा. आजोबांची मॉरिस मायनर वीस वर्षं गोठ्याशेजारी कडब्याखाली पडून होती. ती त्यांनी आमच्या गॅरेजवर आणली, आम्ही ती नटबोल्टापर्यंत सुटी करून पुन्हा उभी केली. पत्रा, रंग, गाद्या, काचांचं रबर, सगळं मूळ होतं तसं. दर सव्वीस जानेवारीला कोल्हापुरातल्या जुन्या गाड्या रांगेनं पन्हाळ्यावर जायच्या. आदल्या खेपेला मगदूम मोठ्या हौसेनं मिरवणुकीत निघाले आणि ह्याच चढावर पाहुण्यांच्या देखत त्यांची गाडी दहाबारा जणांनी ढकलली. तो दिवस ते विसरले नव्हते.

मगदूम आणि मेहुणे एका ओळखीच्या जीपमधून परत गेले. मॉरिस वळवून मामा आणि मी खाली निघालो. मामा रस्त्याच्या मधोमध चालवत होते. मागून एसटी आली. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला, तो मारतच राहिला. मामा बाजूला होईनात. मला वाटलं मुद्दाम करतायत. शेवटी एसटी निम्मी रस्त्याखाली उतरून आमच्या शेजारून गेली आणि ड्रायव्हरनं शिवी हासडली. तेव्हा मामा दचकले.

"हॉर्न तरी मारायचा की," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला कळलं होतं, आणि ते मी माझ्याजवळ ठेवलं.

शमुवेल लोंढे म्हणजे त्या काळात कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं मोठं नाव. सगळे त्यांना मामा म्हणायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, तिसरा टॅपेट. उघडलं की तिसराच टॅपेट निघायचा. सांगली, निपाणी, कुठून कुठून लोक गाड्या घेऊन यायचे ते त्या कानासाठी. मी अठराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आलो आणि तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. इंजिन उतरवायचं मी, घासायचं मी, बसवायचं मी. शेवटी मामा यायचे, ऐकायचे, कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचे, आणि गिऱ्हाईक त्यांना हात जोडायचं. मामा म्हणायचे, दिनकरनं केलंय सगळं. गिऱ्हाइकाला तो मामांचा मोठेपणा वाटायचा.

बोर्डावर माझंही नाव घाला असं एकदा मी म्हणालो होतो. घालू की, असं ते म्हणाले होते. त्याला दोन वर्षं झाली होती.

आणि त्या नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट झाली. मॉरिसचं इंजिन मी बांधून दिलं, मामांनी ऐकलं आणि मगदूमसाहेबांच्या समोर म्हणाले, पिस्टनच्या रिंगा उलट्या बसल्यात, उघड परत. मी म्हणालो, नाही बसल्या. ते म्हणाले, उघड. मी दोन दिवस घालून सगळं उघडलं. रिंगा बरोबर होत्या. मामा "बरं" म्हणाले आणि चहा सांगितला. एसटीचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, तेव्हा त्या रिंगा मला आठवल्या.

नाताळासाठी मामा आणि मामी सोलापूरला मुलीकडं जाणार होते. नातवाचा बाप्तिस्मा पण होता. पंधरा दिवस राहणार होते. निघताना मामांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि सांगितलं, मॉरिसला हात लावू नको, मी येऊन हेड उघडतो.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मगदूमसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांना सांगितलं, ह्या गाडीत पद्मिनी मोटारीचं इंजिन बसतं. अकराशे सी.सी. बाहेरून काही कळणार नाही, बॉनेट लागतं, सायलेन्सर तोच. जुनं इंजिन जसंच्या तसं गुंडाळून ठेवू, पुढं कधी वाटलं तर परत घालता येईल. मगदूम बराच वेळ गाडीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मामांना चालेल?"

"गाडी तुमची आहे," मी म्हणालो.

मी दहा दिवस दुसरं काही केलं नाही. चांगलं चाललेलं एक इंजिन मिळवलं. ते मॉरिसच्या गिअरबॉक्सला जोडायला मधे एक जाड प्लेट लागत होती, ती शेजारच्या बंडू तोडकरनं लेथवर कातून दिली. इंजिन ज्यावर बसतं त्या फौंडेशनच्या जागा बदलल्या, रेडिएटर दोन इंच पुढं सरकवला. काम अवघड होतं आणि मी ते चांगलं केलं. हे मी आजही सांगतो, कारण ते खरं आहे. नववर्षाच्या दिवशी मगदूम, मेहुणे, तोडकर, मी, आणि मगदूमांचे एक मित्र असे पाचजण दाटीवाटीनं बसून निघालो. वाघबीळचा चढ गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मगदूमांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला दिनकर मिस्त्री म्हणाले.

वर तबक उद्यानाजवळ आम्ही झुणका-भाकरी खायला बसलो. मगदूम म्हणाले, "आता मामांना कसं सांगायचं?"

"सांगायचं कशाला?" मी म्हणालो. "त्यांनाच ओळखू दे. आवाजावरनं ओळखतात की ते."

तोडकर म्हणाला, लगेच ओळखतील, आणि तुझी सालटी काढतील.

"नाही ओळखणार," मी म्हणालो. आणि मग मी त्यांना एसटीचं सांगितलं. रिंगांचं सांगितलं. मगदूम खायचे थांबले. "म्हणजे इतके दिवस माझी गाडी एक बहिरा माणूस ऐकत होता?" ते म्हणाले. ते गमतीनं म्हणाले की रागानं, मला कळलं नाही, पण बाकीचे हसले, मग तेही हसले. पाच तारखेला मामा येणार होते. त्या दिवशी सगळ्यांनी गॅरेजवर जमायचं ठरलं.

मामा स्टेशनवरून मामींना घरी सोडून थेट गॅरेजवर आले. सकाळचे अकरा वाजले असतील. हातात करंज्यांचा डबा होता, मुलीनं दिलेला. एवढी माणसं बघून त्यांना आनंदच झाला. त्यांनी डबा उघडून स्वतःच्या हातानं एकेकाला करंजी दिली. नातवाचं नाव काय ठेवलं ते सांगितलं. मग मॉरिसकडं वळले.

"मामा," मी त्यांच्या समोर जाऊन, तोंड त्यांना दिसेल असं म्हणालो, "तुम्ही गेल्यावर मी जरा टॅपेट सेट केले, टायमिंग बघितलं. आता ऐका."

तोडकरनं किल्ली फिरवली. बॉनेट बंदच होतं. मामांनी नेहमीसारखा स्क्रू ड्रायव्हर मागितला नाही. त्यांनी उजव्या हाताचा पंजा बॉनेटवर टेकला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मेहुण्यांनी हसू दाबायला करंजी तोंडात कोंबली.

मामांनी डोळे उघडले, आणि आधी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मगदूमांकडं बघितलं, मग परत माझ्याकडं.

"ह्ये कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो. "तुमचंच इंजिन, मामा."

त्यांनी पंजा काढला नाही. कपाळावर घाम आला होता, जानेवारी असून. मग ते मगदूमांकडं वळून म्हणाले, "माझंच इंजिन हाय, सायेब. दिनकरनं चांगलं काम केलंय. आता चढंल."

आधी तोडकर फुटला, त्याच्या मागं बाकीचे. मगदूमांनी पुढं होऊन बॉनेट उचललं. आत काय आहे ते सांगायची गरज नव्हती. मामा आत बघत राहिले. मी कोपऱ्यात गेलो आणि जुन्या इंजिनावरचं पोतं ओढून काढलं.

"हे तुमचं, मामा," मी म्हणालो. "हे इथं आहे."

मामा भराभरा कोपऱ्यात आले. खाली उकिडवे बसून त्यांनी इंजिनावर हात फिरवला, ब्लॉकवरचा नंबर बघितला. आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं होतं ते संतापतील, नाहीतर लाजतील. ते तर हसले.

"हाय व्हय हितंच," ते म्हणाले. "बरं झालं."

त्यावर तर सगळे आणखीनच हसले. मेहुणे म्हणाले, मामा, आता कानाला यंत्र लावा. तोडकर मामांच्या मागं जाऊन मोठ्यानं शिट्टी वाजवायला लागला, आणि मामा वळत नाहीत असं दिसलं की आम्हाला डोळा मारायचा. मग तो समोर आला आणि नुसतेच ओठ हलवून काहीतरी बोलला, आवाज न काढता. मामांनी मान डोलावली. "व्हय, व्हय," म्हणाले. मेहुण्यांनीही तसंच केलं. मामा त्यांनाही व्हय म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. मीही ओठ हलवले. काहीच बोललो नाही, नुसते हलवले.

मामा थोडं थांबले. "बरोबर हाय तुझं," ते म्हणाले.

जाताना मगदूम सगळ्यांच्या समोर म्हणाले की त्यांची जीप आणि मेहुण्यांच्या दोन्ही गाड्या आता दिनकर मिस्त्री बघतील. मामा तिथंच होते. त्यांना ते ऐकू आलं का नाही, माहीत नाही. करंज्यांचा डबा रिकामा झाला होता.

दुपारनंतर गॅरेजमध्ये आम्ही दोघंच राहिलो. मामा फडक्यानं जुनं इंजिन पुसत बसले होते. मी पाने जागच्या जागी लावत होतो. मी त्यांच्या बोलण्याची वाटच बघत होतो. ते ओरडले की काय काय बोलायचं, हे मी दहा दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. बोर्डाचं, रिंगांचं, सगळं.

"दिनकर, हितं बस जरा," ते म्हणाले.

मी समोरच्या टायरवर बसलो.

"घरात काय अडचण न्हाई न्हवं तुझ्या?"

"कसली अडचण?"

"काय बी. आजारपण, काय."

मी नाही म्हणालो.

"मग बरं." ते फडक्याची घडी करायला लागले. "मला वाटलं, तू ह्ये इंजिन इकलंस."

मी त्यांच्या हाताखालच्या इंजिनाकडं बघितलं.

"हात ठेवला तवाच कळलं. आपलं न्हाई ह्ये, पद्मिनीचं हाय. ठोकाच येगळा हाय त्याचा. कान गेल्यात माझं, दोन वरसं झाली. तुला म्हाईत हाय ते, त्ये बी कळलंय मला. पर हाताला कळतंय अजून."

"मग बोलला का नाही?" मी विचारलं. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांना ऐकू गेलाच नसणार, पण त्यांचं लक्ष माझ्या ओठांवर होतं.

"तू म्हणालास, तुमचंच इंजिन. मालक शेजारी हुबा. मी न्हाई म्हटलं असतं तर तुझी काय गत झाली असती? मी म्हटलं, कायतर अडचणीत आलाय, म्हणून इकलंय. आता मालकासमोर निभावून न्यावं. मागनं एकट्याला इचारू, कुठं दिलंय ते, मग तिथनं दोघं जाऊन घेऊन येऊ." त्यांनी इंजिनावर हात ठेवला. "हितंच दिसलं, तवा जीव भांड्यात पडला."

बाहेर तोडकरचं लेथ चालू होतं. मी म्हणालो, "मी उद्या सांगतो मगदूमसाहेबांना. सगळ्यांना सांगतो."

"काय सांगणार? मामा मला चोर समजला म्हणून?" त्यांनी घडी केलेलं फडकं बाजूला ठेवलं. "सोळा वरसं हाताखाली ऱ्हायलेल्या माणसाला मी चोर समजलो. ते चुकलंच माझं. लोकांस्नी कशाला कळाय पायजे ते. त्यापरास भैरा म्हणूंदेत."

मी मान खाली घातली. ते उठले, टोपी घातली.

"तुला सांगावं वाटलं तर सांग," ते दारातून म्हणाले. "मी न्हाई कुणाला सांगायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूम त्यांची जीप घेऊन आले. तोडकरही चहाला आला. कालची गोष्ट तो पुन्हा रंगवून सांगायला लागला. तेव्हा मी बोलणार होतो. मगदूम हसत माझ्याकडं बघून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही डोळे उघडलेत माझे." मी जीपचं बॉनेट उचललं आणि काय तक्रार आहे विचारलं.

आठवड्याभरात ती गोष्ट उद्यमनगरभर झाली. मामांनी स्वतःचं इंजिन ओळखलं नाही. पद्मिनीच्या इंजिनावर हात ठेवून माझंच म्हणाले. लोक त्यात भर घालत गेले. मामा रस्त्यानं जाताना एखादा समोर येऊन नुसतेच ओठ हलवायचा. पहिल्यांदा ते मान डोलावत. मग खाली बघून चालायला लागले. सव्वीस जानेवारीला मॉरिस पन्हाळ्यावर सगळ्यांच्या आधी पोचली, मगदूमांना चांदीचा करंडक मिळाला, पेपरात फोटो आला, त्याखाली माझं नाव होतं. ईस्टरपर्यंत मामांचं गॅरेजवर येणं थांबलं. थांबायच्या आधी त्यांनी स्वतः पेंटरला बोलावून बोर्डावर माझं नाव घालून घेतलं. मी त्यांचं नाव माझ्या नावाखाली राहू दिलं होतं. दोन वर्षांनी बोर्ड बदलला, तेव्हा ते राहिलं नाही.

नाताळाला मी दरवर्षी त्यांच्याकडं जायचो. फळं न्यायचो. मामांना आता अजिबात ऐकू येत नसे, मामी त्यांच्या हातावर बोटानं लिहून सांगायच्या. ते मला गॅरेजचं विचारायचे, नवीन गाड्यांच्या इंजिनांचं विचारायचे. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी प्रत्येक वर्षी तिथून निघताना ठरवायचो की ह्या वर्षी सांगायचं, सगळ्यांना, जाहीर. परत जाताना तोडकरच्या दुकानावरूनच जावं लागायचं. मी त्याला हात करायचो आणि पुढं जायचो.

बारा वर्षांनी मामा गेले. दफन झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी आलो. व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या होत्या. मगदूम आले होते, त्यांचे केस पिकले होते. तोडकर आला होता. पाळक प्रार्थना करून गेले आणि लोक हळूहळू मामांच्या आठवणी सांगायला लागले, आणि मग तोडकरनं ती गोष्ट सांगितली. त्यात काही वाईट हेतू नव्हता. लोक हळू आवाजात हसले.

मामींनी मला आत बोलावून घेतलं. त्या पलंगावर बसल्या होत्या, दाराच्या अगदी आत. मध्ये नुसता पडदा होता.

"दिनकर, तोडकर सांगतायत ते खरं हाय?" त्यांनी विचारलं.

"काय, मामी?"

"त्यांनी वळखलं न्हवतं इंजिन? मला कधी बोलले न्हाईत. बारा वरसं." त्या माझ्याकडं बघत होत्या. "मला म्हणायचे, कान गेलं तरी हाताला कळतंय. माझ्या शिलाई मशीनवर नुसता हात ठेवायचे आणि सांगायचे, हितं तेल घाल. तसंच असायचं. मग तेवढं इंजिन कसं वळखलं न्हाई? तू हुतास तिथं. तू सांग."

पडद्याच्या पलीकडं बोलणं थांबलं होतं. मगदूमांचे पाय पडद्याखालून दिसत होते.

"वय झालं होतं, मामी," मी म्हणालो. "हाताला पण कळेनासं झालं होतं."



"असंल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि मला विचारलं, "चा घेतलास का तू?"